आधी बुबुळाचं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पान तीनवर एका लॅब्रॅडॉरचा फोटो होता. गळ्यात झेंडूचा हार, शेजारी हसरे मालक, आणि वर मथळा: लेझरने अवघ्या वीस मिनिटांत कुत्र्याचा मोतीबिंदू दूर. आत ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ असंही होतं, आणि मालकांनी मोतीबिंदू ‘पूर्ण पिकेपर्यंत’ धीर धरला याचं कौतुकही. कुत्र्याला दिसू लागलं याचा मला आनंदच आहे. पण लेझर, बिनटाक्याची आणि पिकेपर्यंत या तीन शब्दांवर मी अडकले, म्हणून हे पत्र. लांबलंय. जागा कमी पडली तर माझ्या कुत्रीचं कौतुक कापा, बाकीचं ठेवा.

मी वडोदऱ्यातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात ३१ वर्षं ओ.टी. सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स, होते. डॉक्टर नाही, आणि जनावरांची तर नाहीच नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनात टेबलाच्या बाजूला उभं राहून मी जेवढे डोळे पाहिले तेवढी माणसंही आयुष्यात पाहिली नसतील. आमची चिंगी, म्हणजे पांढरी स्पिट्झ, वय आता अकरा. तिच्या दोन डोळ्यांचं दोन वेळा, दोन ठिकाणी ऑपरेशन झालं. डावा डोळा आरशासारखा आहे. उजव्या बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, वरचा अर्धा भाग ताकाच्या निवळीसारखा निळसर, आणि तो आता तसाच राहणार.

आधी लेझरचं. ज्याला आपण सगळे लेझर म्हणतो ते बहुतेक वेळा फेको असतं, आणि फेकोत प्रकाश नसतो, ध्वनी असतो. पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरते, मोतीबिंदूने पांढऱ्या पडलेल्या भिंगाचा चुरा करते आणि तो चुरा शोषून घेते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना ही कल्पना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्या बसल्या सुचली. दातांवरची कीटं काढायचं ध्वनिलहरींचं हत्यार त्यांनी पाहिलं आणि डोळ्यासाठी तसंच काही करता येईल का म्हणून मागे लागले. आधी मांजरांच्या डोळ्यांवर हात बसवला, मग १९६७ साली माणसावर पहिलं ऑपरेशन. म्हणजे आज कुत्र्या-मांजरांना मिळणारी ही विद्या माणसाकडून उतरत आलेली नाही, ती मांजराच्या डोळ्यातूनच वर आलेली आहे. लेझर माणसाच्या मोतीबिंदूत काही टप्प्यांना वापरतात, ते वेगळं. नावाचा हा घोटाळा मला एरवी खटकला नसता. पण ‘लेझर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, डोळ्याला कशाचा धक्काच लागत नाही. धक्का लागतो, आणि तो ज्याला लागतो त्याचं नाव बातमीत कुठेच नव्हतं.

ते म्हणजे बुबुळाचा, कॉर्नियाचा, सगळ्यात आतला थर. एकाच पेशीच्या जाडीचा. या पेशींचं काम एकच, बुबुळात आत झिरपणारं पाणी अखंड बाहेर उपसत राहायचं. बुबुळ पारदर्शक दिसतं ते ते कोरडं-ताणलेलं राहतं म्हणून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी फुगली तेव्हा आमच्या अकोट्यातल्या सोसायटीच्या तळघरात चार पंप लावले होते. एक जळला, उरलेल्या तिघांनी निभावलं. दुसरा जळला तेव्हा पाणी पायरीपाशी येऊन थांबलं, ना वर ना खाली. तिसरा बंद पडला आणि तासाभरात स्कूटरी बुडाल्या. बुबुळाचंही हुबेहूब असंच. तरुण निरोगी कुत्र्यात या पेशी दर चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजारांच्या घरात असतात, वयाबरोबर घटतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पेशी पसरून खड्डा झाकतात. हे निभावणं चालू असतं तोवर बाहेरून काहीच कळत नाही. संख्या पाच-आठशेच्या खाली गेली की बुबुळ फुगतं, निळं पडतं. सशांमध्ये मात्र हा थर बऱ्यापैकी पुन्हा भरून येतो. म्हणून ‘सशांवर करून पाहिलंय, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर कुत्रा आणि मांजर ससा नाहीत एवढंच उत्तर.

आता ऑपरेशनात या थराचं नुकसान कशाकशाने होतं ते मला विचारा. सुईची थरथर लांबली तर होतं. तिची उष्णता छेदाच्या कडेला बसली तर होतं. भिंगाचे कडक तुकडे ऑपरेशनात आत सोडलेल्या पाण्याच्या भोवऱ्यात गरगरत आतून बुबुळावर आपटतात, अंगणात गारा पडाव्यात तसे, त्याने फार होतं. मधेच पाण्याची बाटली संपली आणि डोळ्याची पुढची पोकळी बसली तर हत्यारच बुबुळाला घासतं. आणि कुत्र्याचं भिंग काही लहान नव्हे. माणसाचं साधारण चार मिलिमीटर जाड, कुत्र्याचं सात. म्हणजे फोडायला माल जास्त, वेळ जास्त, गाराही जास्त.

इथेच ‘पिकू द्या’ येतं. चिंगीच्या उजव्या डोळ्यात पांढरं दिसलं तेव्हा शेजारच्या बेन म्हणाल्या, मोतियो हजी पाक्यो नथी, अजून पिकला नाही. मीही मान डोलावली. माझी चूक आहे ती, दुसऱ्या कुणाची नाही. मी ज्या काळात शिकले त्या काळात गावोगावच्या शिबिरांत अख्खं भिंग त्याच्या पातळ आवरणाच्या पिशवीसकट गोठवून चिकटवून ओढून काढत. पिकलेलं भिंग अलगद निघे, अर्धकच्चं फाटून आत चिकटून राही, म्हणून थांबायचं. नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. ती पद्धत गेली, सल्ला तेवढा मागे राहिला. आज गणित उलटं आहे. कुत्र्याचा मोतीबिंदू जितका जुना तितका भिंगाचा गाभा कडक, कडक गाभ्याला फेकोची ताकद जास्त, आणि ती ताकद बुबुळ भोगतं. शिवाय पिकलेल्या भिंगातून प्रथिनं झिरपतात. कुत्र्याचा डोळा त्यावर माणसाच्या डोळ्यापेक्षा कितीतरी चिडतो, आत दाह होतो, बाहुली भिंगाला चिकटते, दाब वाढतो. हा दाहही त्याच पेशी खातो. मी थांबले चौदा महिने. मधुमेही कुत्र्यांच्या मालकांना तर एवढाही वेळ नसतो. अशा कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांना वर्षभराच्या आसपास मोतीबिंदू येतो. साखरेपासून भिंगातच एक पदार्थ तयार होतो, तो पाणी ओढतो, आणि भिंग काही आठवड्यांत पांढरंफेक होऊन फुगतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २०२४ च्या उत्तरायणानंतर झालं. आधी नेता आलं नाही, कारण आमचे नेहमीचे डॉक्टर त्या पंधरवड्यात मांज्याने कापलेल्या पक्ष्यांमधून मान वर काढत नव्हते. त्याला माझी तक्रार नाही, घारीचा पंख आधी. ऑपरेशन दुसऱ्या शहरात, एका खासगी ठिकाणी. आत ठरल्यापेक्षा पुष्कळ वेळ गेला. बाहेर येऊन सांगितलं, सक्सेसफुल. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तर बुबुळ निळं. सूज आहे, उतरेल, म्हणाले. ते खोटं नव्हतं, पुष्कळदा उतरतेच, वाचलेल्या पेशी काम अंगावर घेतात. मी घरी मिठाचे पाच टक्क्यांचे थेंब दिवसातून चारदा घालत होते. होळीपर्यंत खालचा भाग निवळला. वरचा, छेदापासून बाहुलीच्या मध्यापर्यंतचा, निवळला नाही.

मी फोन करून एकच गोष्ट विचारली, फेको टाइम किती लागला? यंत्र तो आकडा स्वतः दाखवतं. थरथर किती सेकंद चालली आणि किती ताकदीने, दोन्ही पडद्यावर असतं, आमच्याकडे आम्ही ते केसपेपरवर लिहीत असू. तिथून उत्तर आलं, फाइलमध्ये फक्त बिल आहे. त्या उन्हाळ्यात चिंगीच्या बुबुळावर बारीक फोड येऊ लागले, फुटू लागले. डोळा मिटून कोपऱ्यात बसायची, पाणी गळायचं. हिरवा रंग घालून पाहिलं की फुटलेली जागा चमकायची. माणसांमध्ये हे मी बघितलंय, रुग्ण म्हणतो डोळ्यात काच खुपसल्यासारखं होतं. माणसाला शेवटी नेत्रपेढीतून बुबुळ तरी मिळू शकतं. चिंगीसाठी मी कुठे जाऊ?

नेमकं काय झालं असावं, यावर मी बराच विचार केला. आमच्या पेशात दोष आधी यंत्राला देत नाहीत, भांडी घासणाऱ्याला देतात, म्हणजे मला. धुतलेल्या बारीक नळीत साबणाचा अंश राहिला, किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं ॲड्रिनॅलिन चुकून डोळ्याच्या आत गेलं, तर दुसऱ्या दिवशी बुबुळ निळं होतंच. पण ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखं होतं. चिंगीचं तसं नव्हतं, पट्टा छेदापाशी सुरू होऊन मध्यावर संपत होता. तेव्हा माझा संशय लांबलेल्या सुईवर आणि आपटणाऱ्या तुकड्यांवर. संशयच. बिलावरून याहून जास्त काही सांगता येत नाही.

डावा डोळा पांढुरका व्हायला लागला तेव्हा मी थांबले नाही. दिवाळीचे फटाके संपले आणि दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी पहिला अर्धा तास भिंगाकडे पाहिलंच नाही. डोळ्याचा दाब पाहिला, सोनोग्राफी केली, मागचा पडदा जिवंत आहे का ते तपासलं. पडदाच गेलेला असेल तर भिंग काढून उपयोग काय? मग उजवं बुबुळ बराच वेळ दिव्यात धरून म्हणाले, सिस्टर, यातल्या किती गेल्या ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. डाव्यातल्या कमी जातील असं करू.

कमी जातील म्हणजे काय, तर भिंग एकसंध कोरत न बसता पिशवीच्या आतच त्याच्या फाका करायच्या, बुबुळापासून शक्य तितकं लांब. आणि बुबुळाच्या आतल्या बाजूला व्हिस्को. चिकट जेल असतं ते, ओ.टी.त आम्ही व्हिस्कोच म्हणायचो. त्यातही प्रकार. एक दाट, जागा छान धरून ठेवतं पण फेकोचं पाणी सुरू झालं की गोळाच्या गोळा निघून जातं. दुसरं पातळ, पण उटण्यासारखं पेशींना लागून राहतं. मधेच थांबून पुन्हा भरावं लागतं, आणि शेवटी सगळं धुऊन काढावं लागतं, नाहीतर रात्री डोळ्याचा दाब चढतो. यात पैसे जातात, वेळ जातो. एका ट्यूबवर भागवायचा मोह सगळ्यांना होतो, माणसांच्या ओ.टी.तही होतो, मी पाहिलाय. पाण्याचंही तसंच. डोळ्यासाठी बनवलेलं द्रावण महाग, शिरेतून चढवतात ते रिंगर लॅक्टेट स्वस्त. रिंगरवर पुष्कळ ठिकाणी चालतं आणि निभावतंही. नुसतं सलाईन मात्र कधीच नको, त्यात कॅल्शियम नसतं आणि कॅल्शियमवाचून या पेशींचे एकमेकांशी असलेले सांधे उसवतात.

टाके? दोन घातले, केसाहून बारीक धाग्याचे. बिनटाक्याचं ही माणसांकडची ऐट कुत्र्याच्या डोळ्याला लावू नका. माणसाचा छेद आपोआप मिटतो, आणि माणसाला सांगितलेलं कळतं. कुत्र्याचा छेद तसा भरवशाने मिटत नाही, आणि तो तिसऱ्या मिनिटाला तोंड सोफ्यावर घासतो. छेद गळला तर पोकळी बसते आणि बुबुळ पुन्हा गोत्यात. चिंगी तीन आठवडे गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घालून हिंडली, घरातली एकही दाराची चौकट तिने सोडली नाही.

याचा अर्थ फेको चांगलं आणि टाक्याचं मागासलेलं असा कुणी काढला तर तोही मला मान्य नाही. टाक्याच्या जुन्या पद्धतीत छेद मोठा, जवळपास अर्ध्या बुबुळाभोवती. आतलं पाणी निघून गेलं की बुबुळ ओल्या पापडासारखं दुमडतं, भिंग ओढताना घासतं, पुढे व्रण राहतो, दाह जास्त. हे सगळं खरं. पण भिंग दगड झालं असेल तर दहा दहा मिनिटं सुई चालवण्यापेक्षा छेद मोठा करून ते सबंध काढणं बुबुळाला कधी कधी सोसतं. आमचे मोठे सर असे भर ऑपरेशनात पद्धत बदलायचे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही. कुणी मला विचारलं होतं, शिबिरात होतं तसं लहान छेदाचं, यंत्राशिवायचं ऑपरेशन कुत्र्यांचं का नाही करत, स्वस्तात होईल. तर त्यात भिंग आधी पुढच्या पोकळीत आणून बुबुळाच्या अगदी खालून सरकवत बाहेर काढतात. कुत्र्याचं एवढं थोरलं भिंग त्या वाटेने न्यायचं तर व्हिस्को ओतावं लागेल, आणि हात फार हलका लागेल. तेव्हा स्वस्तात कसलं.

एक सद्गृहस्थ तर शिबिरात उरलेलं माणसाचं भिंग चिंगीला बसवायला द्यायला निघाले होते. भावना चांगली. पण माणसाला साधारण २०-२२ नंबरचं भिंग लागतं, कुत्र्याला ४१ च्या आसपासचं. शिवाय कुत्र्याच्या डोळ्यातली पिशवी मोठी, तिथे माणसाचं भिंग खुळखुळेल. चिंगीच्या डाव्या डोळ्यात कुत्र्यांसाठीचंच भिंग आहे. उजव्यात काही नाही, त्यामुळे त्या डोळ्याने जवळचं-लांबचं सगळंच धूसर, सुमारे १४ नंबरचा चष्मा लागावा इतकं. पण वाटी वासाने सापडते आणि माणूस चालीवरून ओळखू येतो, त्यामुळे तिची फारशी तक्रार दिसत नाही.

कमाटीबागेत सकाळी फिरताना लोक आता मला थांबवून आपल्या कुत्र्याचा डोळा दाखवतात. निळसर दिसला की घाबरतात. घरी पाहण्यासारखं एवढंच की टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. निळसर छटा बाहुलीच्या आत, खोलवर आणि पारदर्शक वाटली, कुत्रा सात-आठ वर्षांच्या पुढचा असला आणि चेंडू बरोबर पकडत असला, तर बहुधा ते भिंगाचं नुसतं म्हातारपण, त्याला ऑपरेशन लागत नाही. बाहुलीतच दाट पांढरं, खडूसारखं असेल तर मोतीबिंदू. आणि बाहुलीभोवतीचा तपकिरी रंगच धुक्याआड गेला असेल तर गोष्ट बुबुळाची आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पग आणि शित्झूवाल्यांनी तर जास्तच, त्यांचे डोळे आधीच बाहेर आलेले, मिटले तरी पुरते मिटत नाहीत. डॉक्टर काय तो निकाल देतील, माझ्या टॉर्चवर ऑपरेशन ठरवू नका.

ऑपरेशन ठरलंच, तर किती मिनिटांत होणार ते विचारू नका. बुबुळ आधी तपासलं का, व्हिस्को कुठलं आणि किती, भिंग फार कडक निघालं तर काय करणार, आणि फेको टाइम कागदावर लिहून देणार का, हे विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. तो दुसरा रागावला नाही, उलट आकडा स्वतःहून लिहून दिला. तो कागद मी चिंगीच्या लसीच्या पुस्तकात जपून ठेवलाय.

आता आपल्याकडे एक मागणं. त्या फोटोतल्या लॅब्रॅडॉरच्या डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला मला निळसर झाक दिसली. आपल्या छपाईची शाई असेल तर प्रश्नच नाही, आपला निळा रंग हल्ली तसाही जरा सांडतो. पण ऑपरेशन ताजं आहे, आणि अशी झाक सुरुवातीला असू शकते. आपल्या वार्ताहराने तीन महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जावं. हार नको, मालक नकोत. उन्हात, बाजूने उजेड घेऊन फक्त डोळ्याचा फोटो काढावा आणि त्याच पान तीनवर छापावा. मी अंक राखून ठेवला आहे, शेजारी ठेवून पाहीन.

आपली नम्र,
एक निवृत्त ओ.टी. सिस्टर
अकोटा, वडोदरा
(कृपया नाव छापू नये. माझे जुने सर हे दैनिक घेतात, आणि केसपेपरवर आकडे लिहिण्यावरून त्यांनी मला कधीकाळी पुष्कळ बोलणी खायला लावली आहेत.)